शिट्टी पाटावर, मी दारात

मी फुटबॉलचा एक बूट बोलतोय. त्यातही डावा. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा मालक फर्मीन हा डाव्या पायाचा खेळाडू. त्याचे सगळे गोल माझ्या नाकानं मारलेले. उजवा बूट बिचारा तोल सांभाळायला होता. एका खोक्यातून आलो म्हणून त्याला भाऊ म्हणायचं, एवढंच.

मी मूळचा स्पेनचा, फर्मीनच्याच गावचा. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं त्याचा पाय कागदावर आखून घेऊन मला शिवलं. सन ऐंशीमध्ये अमेरिकेतल्या एका क्लबानं त्याला खेळायला बोलावलं आणि आम्ही न्यू जर्सीला आलो. सामना संपला की तो स्वतःच्या हातानं माझा चिखल काढायचा, तेल चोळायचा. गोल झाला की सगळे त्याच्या अंगावर पडायच्या आत तो खाली वाकून मला दोन बोटांनी थोपटायचा. ते थोपटणं फक्त माझं होतं. उजव्यालाही ते कधी मिळालं नाही.

मग फर्मीनचा गुडघा गेला आणि पाठोपाठ क्लबही बंद पडला. तो एका गोदामात नोकरीला लागला. संध्याकाळी जवळच्या पिस्कॅटवे गावातल्या मैदानाकडे फिरायला जायचा. तिथं पुण्या-नागपूरकडची मुलं खेळायची, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी. बॉल जिकडे जाईल तिकडे अख्खी टीम धावायची. फर्मीनला ते बघवेना. आठवडाभरात तो त्यांचा कोच झाला आणि दुकानातून शिट्टी घेऊन आला.

काय तिचं ते रूप! पत्र्याची, पोटात एक वाटाणा. ना तिनं चिखल बघितलेला, ना कुणाची लाथ खाल्लेली. पण जागा मिळाली ती थेट गळ्यात! मी डिकीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि ही दिवसभर त्याच्या छातीवर झोके घेतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सवतच म्हणा ना.

टीमचा कॅप्टन विष्णू. डाव्या बाजूला बॉल आला की हा गडी तो उजव्या पायावर घ्यायचा आणि तेवढ्यात घालवायचा. फर्मीन लगेच शिट्टी फुंकायचा. "डावा पाय, विष्णू! पुन्हा!" महिनोन् महिने हेच. मी डिकीतून ऐकायचो आणि जळायचो. डाव्या पायाच्या गोष्टी, आणि शिकवतंय कोण? शिट्टी!

शहाऐंशी सालच्या खंडेनवमीला विष्णूनं फर्मीनला घरी बोलावलं. म्हणाला, "कोच, आज आम्ही आमच्या टूल्सची पूजा करतो. तुमचं काम ज्याच्यावर चालतं ते घेऊन या."

फर्मीननं आदल्या दिवशी मला बाहेर काढलं. तेल लावलं, नवी नाडी ओवली. शिट्टीला हातसुद्धा लावला नाही. ती आपली सवयीनं गळ्यात होती. मी जिंकलो होतो.

विष्णूच्या घरी पाटावर कॅल्क्युलेटर, पाने-पक्कड, गाडीची किल्ली, सगळं झेंडूच्या फुलांत मांडलेलं. फर्मीन मोठ्या आदरानं आम्हा दोघा भावांना पाटावर ठेवायला वाकला. विष्णूची बायको सरला हातातलं ताट घेऊन जागीच थबकली.

"अगं बाई, बूट! अरे विष्णू, सांग ना त्यांना!"

"सॉरी कोच, डोंट माइंड," विष्णू चाचरत म्हणाला, "शूज देवापुढे नाही ठेवत आम्ही. पण ही व्हिसल चालेल की!"

फर्मीननं माझ्याकडे बघत आम्हाला मागे घेतलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. माझं काम आता हिच्यावरच चालतं."

शिट्टीला हळदकुंकू लागलं, वर फूल वाहिलं. मी दाराबाहेर, लोकांच्या घामट बुटांच्या ढिगात. आतून साजूक तुपाचा वास येत होता.

त्याच रविवारी शेजारच्या कॉलेजशी स्थानिक स्पर्धेची फायनल होती. मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी, आणि विष्णूच्या बुटाचा तळवा उचकटला.

"कोच, तुम्हीच उतरा ना यार!" सगळ्यांनी गिल्ला केला. "फक्त सेकंड हाफ!"

फर्मीननं डिकी उघडली. गळ्यातली शिट्टी काढून विष्णूच्या हातात दिली आणि पाय माझ्यात घातला. दोन वर्षांनी! मी त्याचा घोटा असा आवळून धरला की आता सुटका नाही. तो रेषेपर्यंत गेला, मैदानभर नजर फिरवली आणि परत येऊन खाली बसला. नाडी सोडू लागला.

"विष्णू, दोन जोड मोजे घाल आणि हे चढव," तो म्हणाला. "मला बाहेरून जास्त दिसतं." आणि शिट्टी परत गळ्यात घातली.

परका पाय. सैल, थंड, घाबरलेला. शेवटी शेवटी बॉल डावीकडे आला. मला वाटलं, हा आता उजव्यावर घेणार. नाही! त्यानं सरळ मला मागे नेलं आणि हाणलं. काय सांगू, तो फटका फर्मीनचाच होता. तसाच्या तसा. गोल!

हे त्या पत्र्याच्या बयेनं केलं होतं, हे मला कळलं. म्हणून तर जास्तच झोंबलं.

फर्मीन धावत आला. मी नाक वर करून थांबलो. त्यानं विष्णूला मिठी मारली आणि शिट्टीचा मुका घेतला.

संध्याकाळी विष्णूनं मला त्याच्या दाराशी काढून ठेवलं, तेव्हा सरला ताट घेऊन बाहेर आली. "देवापुढे नाही, पण उंबऱ्याबाहेर कोण अडवतंय," असं पुटपुटत तिनं माझ्या नाकाला कुंकू लावलं. तिचं चांगलं होवो. पण मला कुंकू नको होतं, मला त्याचा पाय हवा होता.

पुढच्या वसंतात दुसऱ्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबानं फर्मीनला मॅनेजर म्हणून बोलावलं. आम्हाला तो विष्णूकडे ठेवून गेला. निघताना दारात स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला वाकला. मी शेजारीच होतो. त्याची दोन बोटं अगदी जवळ आली होती, आणि तेवढ्यात गळ्यातली शिट्टी लोंबून माझ्या नाकावर टक्कन आपटली. ती सावरत तो उभा राहिला आणि गेला.

मला निरोप दिला, तोही तिनंच.

आता विष्णूच्या दाराशी असतो. कुंकवाचा डाग अजून आहे. तुमच्याही दारात माझ्यासारखा कुणी पडला असेल. त्याला पाटावर बसवू नका, फूल वाहू नका. नुसता एकदा पाय घाला.