आईचं वर्ष

बशीच्या काठावर निळ्या पाखरांची रांग होती आणि कपावर गुलाब — म्हणजे बशी शेजारच्यांची. हे आता अनंतला नुसत्या नजरेनं कळे, जसं ताज्या सारवणावरून कळे की या घरी पोरीच्या लग्नाची फार घाई आहे... लोक चिखलदऱ्याला जातात, फोटो काढतात. अनंत रविवारी एस.टी. धरून मुली पाहायला जायचा. उमरेड, मौदा, मांढळ, आज कुही. नागपूरच्या कचेरीत चिकटलेला, एका खोलीत राहणारा, चाळिशीकडे झुकलेला हा माणूस — गावं त्याला मनापासून आवडत. ती दुपारची शांतता, धानाचा वास, तांब्यातलं गार पाणी, पंगतीत पहिला पाट, आणि हे सगळं फक्त परतीच्या गाडीपर्यंत! नकार तो कधीच देत नसे. नकारानं मुलीला लागतं. "आई नुकतीच गेली, तिचं वर्ष झालं की कळवतो," एवढंच म्हणे. आई तो शाळेत असतानाच गेली होती. पण गावागणिक ती नव्यानं वारत असे, आणि गावागणिक कोणीतरी बाई डोळ्यांना पदर लावत असे.

"घ्या न जी, लाजता काहून?" मुलीचे वडील रुपराव म्हणाले. मघापासून ते उगाच हसत होते. दारात शेजारणी जमल्या होत्या... नुसत्या पाहण्याला इतक्या बाया?

"मी हिले म्हनलं होतं," रुपराव बायकोकडे वळले, "पाहाले येनारा एकदाच येते. दुसऱ्यांदा येते तो न्याले येते. नत्थूजीजवळ निरोप धाडला अन् पाहा, हजर!"

दुसऱ्यांदा.

कचेरीतला नत्थूजी एवढंच म्हणाला होता की कुहीचे रुपराव वाट पाहताहेत — वाट तर सगळेच पाहतात... आलो होतो आपण इथे? तो मनात एकेक ओसरी चाचपू लागला. विहिरीवरचं पेरूचं झाड, ते मौद्याचं. लंगडं कुत्रं उमरेडचं. वांग्याची भाजी, वर कच्च्या तेलाची धार — हो, ती बहुधा इथलीच. भाजी आठवत होती. मुलगी आठवेना.

"आईचं वर्ष नीट झालं न जी?" रुपरावांची बायको गोपिकाबाई म्हणाली. "आमच्या शामलानं बी पाळलं. वर्षभर गोड तोंडात घेतलं नाही पोरीनं. पाचगावचं स्थळ आलं, तं म्हने, माह्या घरी वर्ष सुरू आहे."

"पाचगाववाल्याच्या घरी तं पाळना हलला बी वं!" दारातून कोणीतरी म्हणालं, आणि बाया खळखळून हसल्या.

शामला बाहेर आली. मान खाली घालून नाही, घरच्या माणसापुढे यावं तशी. तिशीची असावी, समोरच्या दातांत फट... ही फटही आपण पाहिली असणार, आणि विसरलोही असणार. तिच्या हातात पेढे होते.

"कशा होत्या आई?" तिनं हळूच विचारलं. "मागच्या टायमाले तुमी म्हनलं, फार सोसलं त्याइनं."

कशा होत्या... चेहरा येईना. आली ती तेराव्याची जिलबी — दोन्ही हातांनी खाल्लेली. आणि ही कोण कुठली, हिनं वर्षभर... त्याला शरम वाटायला हवी होती. वाटला तो राग. आपली वस्तू कोणी न विचारता वापरली की येतो तसा, क्षुद्र, घरगुती राग.

"चांगली होती," तो म्हणाला.

"द्या न आता तुमच्या हातानं," गोपिकाबाई म्हणाली. "सुटू द्या पोरीचं."

पेढा त्याच्या बोटांत आला. शामलानं डोळे मिटून तोंड किंचित उघडलं. बाया दारातून पुढे सरकल्या. आता 'हो' म्हणावं, नाहीतर 'मी खोटं बोललो' म्हणावं — पण हे दोन्ही शब्द त्याच्या जिभेकडे फिरकलेसुद्धा नाहीत. पेढा भरवून, हात धुऊन, पोटभर जेवूनही 'कळवतो' म्हणता येईल, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि ते आपल्याला जमेल, अगदी सहज जमेल, हेही दिसलं... भर दुपारी, इतक्या आपल्या माणसांत, त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली — आणि गाडीत खिडकीची जागा मिळाली की तीही जाईल, हे ठाऊक असल्यामुळे ती कमी होईना.