अकरा लाल नोंदी

माझा भाऊ वजनकाटे तपासतो. किराणा दुकानातले, बेकरीतले, सोनाराकडचे, औषधवाल्याकडचे. जिथे काही तोलून विकलं जातं तिथे तो वर्षातून दोनदा जातो, काटा उघडतो, साफ करतो, तपासतो आणि कागद लिहून देतो. बाजारात त्याला सगळे 'काटेवाले' म्हणतात. अडतीस वर्षांत त्याने भिडेखातर एकही काटा पास केलेला नाही. लग्नाला दोन महिने झाले नव्हते तेव्हा त्याने खुद्द सासऱ्यांच्या दुकानातल्या काट्यापुढे 'वापरातून काढावा' असं लिहिलं होतं. वहिनी शेवटपर्यंत त्याला ते ऐकवत राहिली. वहिनी गेल्यावर मी मागच्याच गल्लीतलं माझं बिऱ्हाड आवरून त्याच्याकडे आले, त्याला आता सहा वर्षं झाली. मी त्याला दादा म्हणते. तो मला अजून 'धाकटे' म्हणतो, आणि मी एकसष्ट वर्षांची आहे.

त्याची कामाची पद्धत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. त्याच्याकडे एका लाकडी पेटीत प्रमाण वजनं आहेत. पेटी इतकी जड की गाडीशिवाय त्याचं पान हलत नाही. काट्यावर वजन ठेवायचं, काटा काय दाखवतो ते वहीत लिहायचं, शेजारी खरं वजन लिहायचं. फरक आला की लाल पेन्सिल. काटा आणि वजन यांचं जमलं नाही तर चूक काट्याची, त्यात वाद नाही. खाली निकाल, त्याखाली तपासणाऱ्याची सही आणि साक्षीदार म्हणून दुकानदाराची सही. सही वाचता आली पाहिजे. कुणी घाईत गिरगटली तर तो समोर उभा राहून पुन्हा करायला लावतो, मग मागे गिऱ्हाइकांची रांग का असेना.

वजनंही झिजतात. म्हणून वर्षातून एकदा तो पेटी वजनमापांच्या मोठ्या कचेरीत नेऊन तपासून आणतो. चार वर्षांपूर्वी एक किलोचं वजन तिथे कमी भरलं. दादाने त्यावर खिळ्याने फुली मारली, आणि तेव्हापासून ते आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद दाबून बसलेलं असतं. "त्याला बिचाऱ्याला कळत नाही आपण झिजलोय ते," दादा तेव्हा म्हणाला होता. "ते आपलं स्वतःला किलोच समजतं." मला हसू आलं होतं.

तर झालं असं. एके दिवशी तो दहा वाजता बेकरीत जायला निघाला. वाट वीस मिनिटांची. तो पोहोचला सव्वा वाजता. बेकरीवाल्याने दोनदा मला फोन केला होता, म्हणून मला कळलं. दादा म्हणाला, रस्ते खणून ठेवलेत मेल्यांनी. मी सोडून दिलं. तीन आठवड्यांनी पेट्रोल पंपावरून त्याचा फोन आला, "धाकटे, औषधवाल्याकडे पुलाखालून जायचं की पुलावरून?" त्या दुकानात तो वीस वर्षं जातोय. मी म्हटलं, पुलाखालून. फोन ठेवला आणि अर्धी चिरलेली भाजी समोर घेऊन बसून राहिले. मी सहजासहजी घाबरणारी नव्हे. सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसून मी भल्याभल्यांची तोंडं बंद केली आहेत. पण त्या दिवशी मी घाबरले.

भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, फोन केला. तो दुसऱ्या गावी असतो आणि तिथून सल्ले देतो.

"आत्या, गाडी विकून टाका," तो म्हणाला. "कुणाला ठोकलं म्हणजे?"

"गाडी गेली की पेटी गेली. पेटी गेली की तुझा बाप खुर्चीत बसून भिंतीकडे बघणार. ते बघायला तू येणार आहेस का?"

त्याने तो विषय सोडला. मग म्हणाला, निदान फोनवर नकाशा लावायला सांग. आता दादाचं मत असं, की फोन बोलायला असतो. बोलणारा फोन रस्ताही सांगायला लागला तर तो कोणतंच काम धड करणार नाही. शेवटी आमचं ठरलं ते असं: गाडीत लावायचा साधा जीपीएस घ्यायचा, आणि पंधरा दिवस बघायचं. दादा सगळीकडे वेळेवर पोहोचला तर गाडी राहील. नाहीतर विकायची. हे मी दादाला तोंडावर सांगितलं, मागून कारस्थानं करणं मला जमत नाही. तो भडकेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बघू. आधी वस्तू तर बघू."

मोटारीच्या सामानाच्या दुकानात एक मुलगी होती, शांत स्वभावाची. तिने आधी सगळ्यात मोठा जीपीएस काढला.

"याला मागे कॅमेरा आहे, काका. गाडी मागे घेताना मागचं दिसतं."

"मला मान आहे," दादा म्हणाला.

"हवामानही सांगतं."

"गाडीला काच आहे."

मुलगी हसली. चिडली नाही, ते मला आवडलं. दुसरा होता तो फोनला जोडायचा. तो दादाने हातातही घेतला नाही. तिसरा अगदी छोटा, तळहाताएवढा. नकाशा आतच भरलेला, इंटरनेट नको, दर महिन्याची वर्गणी नको. काचेला चिकटवायचा, अक्षरं मोठी, आवाज मोठा.

"हा काय करतो?" दादाने विचारलं.

"रस्ता सांगतो."

"आणि?"

"आणि काही नाही, काका. सगळ्यात साधा हाच. स्वस्तही हाच."

"द्या," दादा म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यात घासाघीस केल्याशिवाय बुटाची नाडी घेतली नाही, त्याने तो निमूट घेतला. पावती देताना मुलगी म्हणाली, काही बिघाड निघाला तर पंधरा दिवसांत परत आणा. दादा म्हणाला, "म्हणजे तपासायला पंधरा दिवस आहेत." तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी आपली खुशीत, की चला, स्वारी तयार झाली.

दुसऱ्या दिवसापासून दादाने तपासणी सुरू केली. वहीचं नवीन पान उघडलं. वर लिहिलं, 'वस्तू: जीपीएस.' खाली रकाने आखले: कुठून, कुठे, जीपीएसने काय सांगितलं, बरोबर काय. शेवटचा रकाना तो स्वतःच्या माहितीने भरायचा. कारण रस्ते त्याला पाठ होते. प्रमाण वजन तो होता आणि काटा ती काचेला चिकटवलेली डबी.

मी वहीत डोकावले नाही. तो बहुतेक वेळा वेळेवर पोहोचत होता, एवढं मला पुरे होतं. जीपीएसमधून एक बाई बोलायची. दादा घरी आला की तिची तक्रार करायचा.

"हुशार आहे, पण हट्टी आहे. आपण आपल्या वाटेने गेलो की म्हणते, मार्ग पुन्हा शोधत आहे. शोध म्हणावं."

"मग ऐकत जा की तिचं."

"घरात एकीचं ऐकतो तेवढं बास आहे."

नवव्या दिवशी तो जेवायला बसला आणि वही टेबलावर उघडी होती. पानावर लाल दिसलं. मी विचारलं, तर तो मोठ्या समाधानाने म्हणाला, "चुकते. आत्तापर्यंत आठ ठिकाणी चुकली. दोनदा तर माझा उशीर तिच्या गोंधळापायी झाला."

आता खरं सांगते, मला बरं वाटलं. वस्तूच खराब निघाली तर बदलून आणता येते. मी त्या रात्री भाच्याला फोनवर सांगूनही टाकलं, की बापाच्या डोक्याला काही झालेलं नाही, तो स्वस्तातला जीपीएस फडतूस आहे. तो म्हणाला, अस्सं. मला त्याच्या त्या 'अस्सं'चा राग आला.

तेराव्या दिवशी आम्ही जीपीएस, पावती आणि वही घेऊन दुकानात गेलो. लाल नोंदी अकरा झाल्या होत्या. दादाने वही मुलीपुढे ठेवली, तोंडाने काही बोलायचीही गरज नाही अशा थाटात. मुलीने ती वाचली. असलं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं असणार.

"एकेक बघूया, काका," ती म्हणाली, आणि दुकानातल्या मोठ्या पडद्यावर तिने नकाशा लावला.

पहिली नोंद: बेकरीतून औषधवाल्याकडे. जीपीएसने सांगितलं डावीकडे, बरोबर उजवीकडे. मुलीने पडद्यावर बोट फिरवलं. रस्ता डावीकडे जात होता. दुसरी नोंद. तिथेही जीपीएसचंच बरोबर. तिसऱ्या नोंदीला दादा म्हणाला, तुमचा पडद्यावरचा नकाशाच चुकीचा आहे. मुलीने निमूटपणे कपाटातून दुसऱ्या कंपनीचे दोन जीपीएस काढले, काउंटरवर आमच्या जीपीएसच्या शेजारी ठेवले आणि तोच पत्ता घातला. तिन्हींनी तेच सांगितलं. चौथ्याला, पाचव्याला, सहाव्याला तेच. मुलीचा आवाज प्रत्येक नोंदीगणिक हळू होत गेला. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

सातव्या नोंदीवर दादाने हात ठेवला. "ही राहू दे," तो मुलीला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ही धाकटी सांगेल. सरकारी दवाखान्यातून आपल्या घराकडे. शाळेच्या चौकात बाई म्हणते सरळ. मी म्हणतो डावीकडे. तू सत्तावीस वर्षं त्या रस्त्याने आलीस गेलीस. तू सांग."

त्याच्या धंद्यात असंच करतात. दोन मापं जुळली नाहीत तर तिसरं आणतात. तो माझ्याकडे बघत होता. मी डावीकडे म्हटलं असतं तर त्याने मान्य केलं असतं, जीपीएस परत दिला असता, आणि गाडी निदान पंधरा दिवस आणखी राहिली असती. माझ्या जिभेवर ते आलं होतं. भाऊ आहे माझा. पण मला त्याच्या गाडीसमोर रस्ता ओलांडणारी माणसंही दिसत होती, आणि ज्याने सासऱ्यांना सोडलं नाही त्याच्याशी मापात खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"सरळ," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. पुढच्या चार नोंदी त्याने तपासू दिल्या नाहीत. वही मिटली, मुलीला म्हणाला, "वस्तू चांगली आहे. परत करायची नाही. तुमचा वेळ घेतला." दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याकडे परवाना आहे, पण दादा शेजारी असताना चालवायचं म्हणजे जिवाला घोर, म्हणून कित्येक वर्षांत मी चालवलं नव्हतं. मी पहिल्या गियरमध्येच दोनदा गाडी बंद पाडली. तो खिडकीबाहेर बघत होता. शाळेच्या चौकात जीपीएसमधली बाई म्हणाली, सरळ जा. मी सरळ गेले. तो तेव्हाही बाहेरच बघत होता, आणि मला वाटलं, याने क्लचवरून मला झाडलं असतं तर किती बरं झालं असतं.

घरी आल्यावर तो हात धुऊन टेबलाशी बसला. वही उघडली. 'वस्तू: जीपीएस' यातला 'जीपीएस' त्याने एका रेघेत खोडला, आणि त्यापुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, जसं दाखल्यावर लिहितात तसं.

"एकूण नोंदी किती?" मी विचारलं.

"बावन्न."

"म्हणजे एक्केचाळीस बरोबर. एक्केचाळीस, दादा."

"काटा एक्केचाळीस वेळा बरोबर दाखवतो म्हणून मी पास करतो का?"

नाही करत. मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "मी चालवीन. सकाळी नऊला निघू, पेटी मागे ठेवू, तू शेजारी बस. काटे तर तुला अजून नीट तपासता येतात."

"ते वेगळं पान," तो म्हणाला. "ते नंतर तपासू."

निकालाच्या जागी त्याने लिहिलं, 'वाहन चालवण्याच्या कामातून काढावे.' अक्षर नेहमीसारखं, सुबक. खाली सही केली. मग वही माझ्याकडे फिरवली, पान उडू नये म्हणून ते फुलीचं वजन त्यावर ठेवलं, आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं.

मी पेन घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे ओळ नीट दिसत नव्हती. मी कशीबशी सही केली.

त्याने वही जवळ ओढून बघितली. "वाचता येत नाही," तो म्हणाला. "पुन्हा कर."

मी पुन्हा केली.