चढावरचे किलोमीटर

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अम्मानच्या खालच्या बाजारात, मशिदीमागे डिझेलची व्हॅन थांबली. फुटपाथवर सदतीस भाड्याच्या विजेच्या स्कूटर आडव्यातिडव्या पडल्या होत्या; एकीने तर काकड्यांच्या टोपलीत तोंड खुपसले होते. लोक टेकडीवरून स्कूटरने मजेत खाली येतात आणि परतताना टॅक्सी पकडतात, कारण चढावर या यंत्राचा जीव जातो. म्हणून अबू सुहैब रोज त्या उचलून लुवैबदेच्या टेकडीवर रांगेत उभ्या करतो. सातपर्यंत ‘नसीम’ कंपनीचे हरित शहर पुन्हा घरंगळायला तयार.

आज त्याच्या शेजारी लमीस बसली होती. कंपनीच्या पर्यावरण अहवालावर तिची सही लागे. दुपारी दोनपर्यंत तो पालिकेत द्यायचा होता आणि त्यावर परवाना अवलंबून होता. आकड्यांत तिला एक गोष्ट खुपली होती: रोज साडेसहानंतर शहरभर दोनशे स्कूटर भरधाव चढ चढत होत्या. असले दृश्य अम्मानमध्ये कोणी पाहिले नव्हते.

स्कूटर भरून झाल्यावर व्हॅन कण्हत वर निघाली. लमीसच्या फोनवर मागच्या सदतीस स्कूटरांचे ठिपके एकत्र टेकडी चढू लागले. प्रत्येकाखाली वाचलेल्या धुराचा आकडा वाढत होता.

"अम्मो," ती काकांना हाक मारावी तशी म्हणाली, "या चालू का ठेवल्यात?"

"कुलूप असताना उचलली की भोंगा बोंबलतो, पोरी. दुकानदार शिव्या घालतात. फिरास साहेब म्हणाले, तुझ्या फोनवरून स्वारी सुरू कर आणि मग उचल." अबू सुहैब हसला. "परवा मला फोनवर कंपनीचं अभिनंदन आलं. शहरातला पहिल्या नंबरचा हरित स्वार! माझे गुडघे बघ एकदा."

दहा वाजता तिने फिरासला गाठले. तो कारभार पाहायचा आणि मोठ्या जीपमधून यायचा.

"स्कूटर जागची हलली ना? झाले किलोमीटर," तो म्हणाला.

"व्हॅनमध्ये पडून हलली, उस्ताज़. ते वजा केले तर निम्मेही उरत नाहीत. डिझेल धरलं तर टॅक्सी बरी."

"मग धरू नकोस. व्हॅन कंत्राटदाराच्या आहेत. धूर त्यांचा."

"म्हणजे धूरपण कंत्राटावर दिलात?"

"हबीबती, सही कर. नाहीतर मरवान करेल, आणि उद्यापासून तुझ्या खुर्चीतही तोच बसेल."

शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी मरवान फोनमध्ये बघत राहिला. त्याच्या फोनच्या मागे ‘नसीम’चे हिरवे पान चिकटवलेले होते.

लमीसने चढावरचे किलोमीटर वगळले, व्हॅनचे डिझेल मांडले, सही केली आणि एकच्या सुमारास अहवाल शिपायाच्या हातात दिला. दीड वाजता फिरासने त्याच शिपायाला आत बोलावले. मरवानही आत गेला. दार लागले.

दोन वाजून वीस मिनिटांनी पालिकेची पोच आली. ‘नसीम’चा अहवाल मिळाला, असे तीत होते. सही कोणाची, ते नव्हते.