बारा हातांची रेघ

मित्रांनो, मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी पार वैतागलेलो आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं अशी रीत आहे म्हणे. पण अठरा वर्षं एका कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्यांचे कागद उतरवून द्या, आणि मग मला गोडव्याच्या गोष्टी सांगा.

कारखान्यात माझे भाग जुळवले, शंभर कागद काढून पाहिले, शंभरही एकसारखे निघाले. एका माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी या दुकानात आलो. दुकान कलाशाळेच्या अगदी समोर आहे. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांची बायको, म्हणजे काकू, मागच्या टेबलावर वह्यांना बाइंडिंग करतात. सुरुवातीला काका माझं कौतुक करताना थकत नसत. सकाळी आल्या आल्या माझी काच पुसायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, ओळखून दाखवा!"

ते सुखाचे दिवस एका पिनेनं संपवले. एक महाशय कागद वाचवायचा म्हणून घरून पाठकोरे कागद घेऊन आले. त्यातल्या एकाला स्टेपलरची पिन तशीच होती. मित्रांनो, माझ्या पोटात ड्रम नावाचा एक गुळगुळीत नळा आहे. काचेवर जे ठेवाल ते आधी त्याच्यावर उमटतं, त्याला काळी पूड चिकटते आणि मग ते तुमच्या कागदावर येतं. ती पिन त्या ड्रमला टेकून अडकली आणि दिवसभर घासत राहिली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कागदावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक बारीक काळी रेघ येऊ लागली.

मग काय विचारता! ज्याचा त्याचा तोंडाचा पट्टा माझ्यावर. "ही रेघ कसली?" "अर्ज परत केला ना त्यांनी!" काका बिचारे सगळ्यांची माफी मागायचे आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की माझ्या अंगावर एक चापट ठेवून द्यायचे. पिन घातली कुणी आणि चापट खातोय कोण! माझी काच पुसणंही हळूहळू बंद झालं.

रेघ चालवून घेणारी गिऱ्हाइकं तेवढी उरली, ती म्हणजे समोरच्या कलाशाळेतली मुलं. त्यांना सतत प्रेरणा लागते. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणायची, माझ्या काचेवर पालथी घालायची आणि प्रेरणेच्या प्रती काढून न्यायच्या. काय काय नाही उतरवलं मी! पांढऱ्या कॅनव्हासवर एकच ठिपका. रिकाम्या खुर्च्यांचे चाळीस फोटो. बसताच येणार नाही अशा आकाराचं बाक. एका पोस्टरवर तर सगळी अक्षरं उलटी टांगलेली होती. मी ते तीनदा काढलं, कारण त्या मुलाला वाटलं चूक माझीच आहे. प्रेरणा हा शब्द ऐकला की माझा कागद अडकतो.

त्या मुलांत एक मुलगी होती. केस गोळा करून त्यात पेन्सिल खोचायची, म्हणून काकूंनी तिचं नाव पेन्सिल पाडलं होतं. ती तर रोजच यायची. प्रदर्शनं बघून यायची, फोटो आणायची, पुस्तकं आणायची, आणि गठ्ठे घेऊन जायची. शेवटच्या वर्षाचं काम होतं तिचं. स्वतःचं काहीतरी करून भिंतीवर लावायचं. पहिल्या खेपेला तिच्या सरांनी काम परत केलं. दुसऱ्या खेपेलाही केलं.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"म्हणाले, हे तू बघितलेलं आहेस, तुझं कुठंय?" पेन्सिल माझ्यावर कोपर टेकून उभी होती. "आता एकच संधी आहे, काकू. तिसऱ्यांदा नाही म्हणाले की वर्ष गेलं. घरून सांगितलंय, हे शेवटचं वर्ष. बाबा पुढच्या वर्षाची फी भरणार नाहीत."

एवढं बोलून तिनं हताश होऊन माझ्या काचेवर हात टेकला. काकांना वाटलं, पान ठेवलंय. त्यांनी सवयीनं बटण दाबलं.

कागद बाहेर आला. त्यावर तिचा पंजा होता, अंगठ्याजवळच्या जुन्या व्रणासकट. आणि माझी ती बदनाम रेघ तळहाताच्या मधोमध, बोटांच्या मुळाखालून गेली होती. पेन्सिलनं ती रेघ बोटानं या कडेपासून त्या कडेपर्यंत गिरवली. मग म्हणाली, "काका, आणखी एक काढा. तुमचा टॉवेल आहे का पांढरा?"

मित्रांनो, खरं सांगतो, मी कपाळाला हात लावला असता, पण हात सगळ्यांचे होते, माझाच नव्हता. त्या दिवसापासून ही पोरगी रस्त्यावरच्या माणसांना धरून आणू लागली. शिंपी आला, न्हावी आला, चाव्या बनवणारा आला. बस चालवणाऱ्या बाई आल्या. प्रत्येकानं माझ्यावर हात ठेवायचा, वरून पांढरा टॉवेल घालायचा आणि मी तो मोठ्या कागदावर उतरवायचा. पीठ, तेल, साबण, काय वाट्टेल ते माझ्या काचेला लागत होतं. शिंप्याला गुदगुल्या होऊन तो हसत सुटला, त्याचा हात हलला, चार कागद फुकट गेले. बारा हात करायचे ठरले होते. दोन महिन्यांत नऊ झाले.

एका संध्याकाळी तिनं ते नऊ कागद काकूंच्या टेबलावर एकापुढे एक मांडले. रेघ एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरळ निघाली. नऊ अनोळखी माणसं एकच दोरी धरून उभी असावीत, तसं ते दिसत होतं. काकू बाइंडिंग सोडून बघत राहिल्या. काका तेव्हा कागदाचे गठ्ठे आणायला गेले होते. इथंच सगळा घोळ झाला.

काका मनानं फार चांगले. एवढी गुणी मुलगी, एवढी धडपड करते आणि आपल्या मशीनची ती घाण रेघ तिच्या प्रत्येक चित्रावर, याची त्यांना लाज वाटत होती. तिला न सांगता तिचं काम चकचकीत करून द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकला बोलावून त्यांनी माझा ड्रम बदलून घेतला. काच पुसली. अठरा वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल बेकरीवाल्याला घेऊन आली. बटण दाबलं. कागद आला. पांढराशुभ्र, त्यावर बेकरीवाल्याचा जाड पंजा, आणि रेघेचा मागमूस नाही.

"बघ!" काका हात चोळत म्हणाले. "नवीन ड्रम टाकलाय तुझ्यासाठी. आता प्रत कशी आरशासारखी येते की नाही?"

पेन्सिलनं कागद उलटून पाहिला, परत सुलटा केला. मग म्हणाली, "छान आहे, काका. थँक यू." आणि पायऱ्या उतरून गेली. उरलेले कागदही विसरली.

"आनंदानं बोलताच येईना तिला," काका म्हणाले.

"रडत गेली ती," काकू म्हणाल्या. "अहो, त्या रेघेनं तर सगळे हात एकमेकांना धरून होते. परवा सादर करायचंय तिला. तीन हात तुटले आता."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "मग मला आधी सांगायचं नाही का कुणी?"

"तुम्ही विचारलंत का कुणाला?"

काकांनी मेकॅनिकला फोन लावला. जुना ड्रम त्यानं सकाळीच भंगारात घातला होता.  मग काकांनी भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, कारण ड्रमला उजेड सोसत नाही, आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

मी ओरडू शकलो असतो तर अख्खी गल्ली गोळा झाली असती! एका दिवसाचा ड्रम हो! काकांनी तो बाहेर काढला. पेन्सिलचा वाया गेलेला एक जुना कागद शोधून रेघ कुठून जाते त्याचं पट्टीनं माप घेतलं. काकूंनी ड्रमची दोन्ही टोकं धरून तो हळूहळू फिरवायचा आणि काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक एका जागी टेकवून धरायचं, असं ठरलं.

"हात कापतोय तुमचा," काकू म्हणाल्या.

"मग तू धर."

"नको. तुम्हीच करा."

पहिल्यांदा ड्रमवर ओरखडा इतका बारीक उठला की दिसेना. दुसऱ्यांदा टेकवावं लागलं. मग मला जोडून त्यांनी बटण दाबलं. रेघ आली. जागा तीच होती, पण जुनीसारखी सरळ नव्हती. मध्येच थरथरायची, थोडी वर उचलायची, पुन्हा जागेवर यायची. काकांनी कागद बघून मान खाली घातली.

काकू जाऊन पेन्सिलला घेऊन आल्या. तिनं तो कागद पाहिला, शटर पाहिलं, काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला, आणि बेकरीवाल्याला बोलवायला पळाली. त्याच्यानंतर दवाखान्यातली नर्स आली. बारावा हात काकांचा होता. तो मी काचेवर अनुभवला, बर्फासारखा गार आणि थरथरणारा. पेन्सिलनं त्याच्यावर आपला हात ठेवून तो दाबून धरला. टॉवेल वर पडला, माझा दिवा सरकत गेला, आणि बाराव्या कागदावर दोन हात आले.

सादर करायच्या दिवशीचं मला काकूंकडून कळलं. सर भिंतीच्या कडेनं चालत नवव्या कागदापुढे आले आणि जिथं सरळ रेघ थरथरायला लागते तिथं थांबले. "इथं काय झालं?" त्यांनी विचारलं. पेन्सिलनं मागं उभ्या असलेल्या काकांकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. सर पुन्हा पहिल्या कागदापाशी गेले, शेवटपर्यंत चालत आले, आणि तिचं काम त्यांनी भिंतीवर राहू दिलं. वर्ष वाचलं. बातमी ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

आणि माझं काय? माझ्या कपाळी पुन्हा तीच बोलणी. आजच सकाळी एकजण ओरडून गेला, "काका, ही वाकडी रेघ कसली?" काका म्हणाले, "माझी आहे." माफी मागितली नाही. ड्रमही बदलत नाहीत. माणसाला एकदा समज आली की मशीनला त्याचा फार त्रास होतो!

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कागदाची पिन आधी काढत जा. आणि कुणाच्या कामात तुम्हाला डाग दिसला, तर तो पुसायला धावण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. काकांनी विचारलं नाही, म्हणून त्यांना स्वतःच्या हातानं मला ओरखडावं लागलं. मला दुखलंच. पण मी त्यांच्यासमोर होतो. मला ठाऊक आहे, त्यांना माझ्याहून जास्त दुखलं.