देवबाईंनी दिलेला शब्द

आमदारबाईंना सभागृहात सगळे ‘देवबाई’ म्हणत. विरोधक तोंडावर, स्वपक्षाचे पाठीमागे. मत द्यायच्या आधी त्या क्षणभर डोळे मिटून बसत आणि मग बऱ्याचदा पक्षाच्या विरुद्धच हात वर करत. “काय, देवानं सांगितलं वाटतं?” असं कुणी खवचटपणे विचारलं, की म्हणत, “देव कसला सांगतोय! नुसता बघत असतो. तेच जड जातं.”

तुरुंग पाहणी समितीवर त्यांना घेतलं, ते ही ब्याद अडगळीत पडावी म्हणून. बाईंनी मात्र पदर खोचला. न कळवता जायच्या, अंथरुणं हुंगून बघायच्या, डाळीच्या पातेल्यात डाव घालून तळ ढवळायच्या.

तिथेच त्यांना शिंपी भेटला. संपकऱ्यांना कापडी फलक शिवून दिले, एवढाच त्याचा गुन्हा. आठ महिने झाले तरी खटला उभा राहिला नव्हता. बसताना तो भिंतीला पाठ टेकत नव्हता, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

“बोला. इथे माझ्याशिवाय कुणी नाही.”

“ताई, तुम्ही निघून जाल. मी इथेच आहे.”

“तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. देवाला स्मरून शब्द देते.”

शिंप्यानं एकदा दाराकडे बघून घेतलं. मग कोण मारतं, कशानं मारतं, सगळं नावनिशीवार सांगितलं.

बाईंनी ते सभागृहात जसंच्या तसं मांडलं. मंत्र्यांची बोबडी वळली. चौकशीचं आश्वासन मिळालं. त्या दिवशी घरी नवरा म्हणाला, “आज किती दिवसांनी पोटभर जेवलीस!” आणि बाईंना खरोखरच हलकं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा तुरुंगात गेल्या. अधीक्षकांनी अदबीनं चहा मागवला आणि शिंप्याला तिथेच बोलावलं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता.

“इथल्या कारखान्यातल्या मशीनमध्ये गेला,” तो पाठ केल्यासारखं म्हणाला. “माझीच चूक. मागे तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं.”

“त्याच्याच धंद्याचं काम दिलं होतं हो आम्ही,” अधीक्षक हळहळले आणि जबानीचा कागद पुढे सरकवला. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा होता. बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिंप्याची बायको त्यांच्या कचेरीत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“ताई, आता आणखी बोलू नका.”

“गप्प बसले तर त्यांना सोडतील?”

“ते माहीत नाही. पण बोललात तर डावा हातही राहणार नाही.”

आठवड्यानं विषय पटलावर आला. बाईंचं सहा पानी टिपण तयार होतं. त्यांनी डोळे मिटले. बोलावं तर त्या एकाचा हात जाणार, न बोलावं तर बाकीच्या सगळ्या कैद्यांच्या पाठी फुटत राहणार. सभापतींनी दोनदा नाव पुकारलं. बाई उठल्या.

“मला काही बोलायचं नाही.”

सत्ताधारी बाकांवरून टाळ्या पडल्या. मंत्र्यांनी प्रकरण निकालात काढलं. महिनाभरात बाईंना समितीवरून काढलं आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचं तिकीटही कापलं.

शिंपी खटल्याविनाच सुटला. कळल्यावर बाई त्याच्या दुकानात गेल्या. मशीनवर बायको बसली होती. तो खाली बसून, कापड गुडघ्याखाली दाबून, डाव्या हातानं कच्चे टाके उसवत होता. उजव्या हाताची बोटं आत वळली होती.

“माझ्यामुळे झालं हे,” बाई म्हणाल्या.

“मारलं त्यांनी, ताई.” त्यानं मान वर केली नाही. “शब्द तेवढा द्यायला नको होता तुम्ही.”

बाई उभ्याच राहिल्या. बायकोनं स्टूल पुढे केलं.

“माझ्या शेजारच्या कोठडीत एक मास्तर होते,” शिंपी म्हणाला. “तुम्ही पुन्हा कधी येणार, म्हणून रोज विचारायचे. भेटले का?”

“मला आता आत सोडत नाहीत.”

“मग कोण जातं?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या.

त्यानं दोरा दातात धरून तोडला आणि पुढचा टाका उसवायला घेतला.