कोरा चौकोन

या, असे जवळ सरका. देवाने कान दिलेत, तर एक गोष्ट ऐका. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक खोली आहे, संडासाचं दार आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या मायलेकी आहेत.

आई शिवणकाम करायची. थोरली बारा वर्षांची. दोन वर्षांपासून तिच्या आतड्यांना सूज यायची, व्रण पडायचे, रक्त जायचं. दिवसातून दहादा ती आत जाऊन कडी लावायची, आणि आई मशीन थांबवून कानोसा घेत बसायची. सगळं खापर आईने एकाच दिवसावर फोडलं होतं. लेक तान्ही असताना हिने तिचा दंड धरला आणि गोवराची लस टोचून घेतली. "मीच धरलं होतं," म्हणायची. डॉक्टरांनी समजावलं की पुष्कळ शोध घेतलाय, लसीने हा रोग होतो असं आढळलेलं नाही. पण दुधाने पोळलेलं काळीज ते, ताकही फुंकणारं. धाकट्या, दीड वर्षाच्या ढमीला तिने लस दिलीच नाही.

अशात शेजारच्या इमारतीत गोवर आला. नर्सबाई लसीची बर्फाची पेटी घेऊन दारात हजर.

"काय ताई, दिवसभर सुई हातात आणि एका सुईला एवढं भ्यायचं?"

"माझी सुई कापडाला टोचते, सिस्टर. एक लेक घालवून बसलेय मी."

"घालवून? अगं आई, जिवंत आहे मी!" आतून थोरली ओरडली. "नुसती संडासात आहे!"

नर्सबाई हसल्या. आई नाही हसली.

"थोरलीची फाइल बघू."

तळाशी लसीचं कार्ड होतं, चार घड्या घातलेलं. ती तारीख बघायचं धाडस आईला कधी झालंच नव्हतं. नर्सबाईंनी ते उलगडून एका चौकोनावर बोट ठेवलं.

"ताई, गोवराचा चौकोन कोरा आहे. बाजूला लिहिलंय, 'ताप. आठ दिवसांनी आणा.'"

तेव्हा कुठे आईला आठवलं. घामाने भिजलेलं टोपरं, दवाखान्यातला बाक. दंड धरला होता खरा, पण काखेतला थर्मामीटर पडू नये म्हणून. मग घर बदललं, आणि ते आठ दिवस राहूनच गेले.

"मग आज दोघींना द्या!"

"थोरलीला आता नाही देता येत. आतड्यांच्या औषधांनी तिच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद दबलीय. अशा अंगाला ही लस चालत नाही. आणि गोवर झाला, तर तो तिला झेपणार नाही."

आई भिंतीला टेकली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही स्वतःच खणलेली.

"आई," दाराआडून आवाज आला. आता थट्टा नव्हती. "गोवर घरात आला तर मी कुठे पळू गं? इथे मागचं दार नाही. ढमीला दे. तिच्या आडोशाने राहीन मी."

आईने ढमीला मांडीवर घेतलं. दंड धरला. सुई टोचून होईपर्यंत सोडला नाही. ढमीने गळा काढला.

"गोवर शेजारी आलाय, थोरलीच्या डॉक्टरांना आजच फोन करा," असं बजावून नर्सबाई निघाल्या. आई संडासाच्या दाराला पाठ लावून बसली. आतून कुणीतरी तिथेच टेकलं असावं. दार जरासं हललं. कडी अजून लागलेलीच होती.

बाबांनो, आपलं पोर मांडीवर घेऊन दंड पुढे कराल, तेव्हा देवाचं नाव घ्या. आणि त्या दाराआडच्या पोरीचीही आठवण काढा.