निळ्याचा गुलाबी

जावई सासूच्या घरी राहायला आला, तो कपड्यांच्या दोन पिशव्या, फरशीची पातळी बघायची एक पाणसळ, पाच घमेली आणि दोन दुखरे गुडघे घेऊन. फरशी बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. किती न्हाणीघरांत आणि किती जिन्यांवर तो गुडघे टेकून इंचाइंचाने मागे सरकला, ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं, सासू एकटीच राहत होती आणि बायकोला तिथून दवाखाना जवळ पडत होता. बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती, ओल्या चादरींच्या ढिगांत दिवसभर उभी. म्हणजे कारणं सगळी रास्तच होती. तरीही घरजावई हा शब्द कुणी न उच्चारताच त्याला प्रत्येक खोलीत ऐकू यायचा. चपलासुद्धा तो कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवायचा, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून.

सासू सत्तरी ओलांडलेली आणि मोजकं बोलणारी. कापड कारखान्याच्या रंगखात्यात तिने उभा जन्म काढला होता. चिंधीचा तुकडा खिडकीशी धरून त्यात निळा किती कमी पडलाय ते ती सांगायची आणि साहेब लोक मान डोलावायचे. पहिल्याच आठवड्यात तिने जावयाला एक गोष्ट तेवढी बजावली: सिमेंटची घमेली न्हाणीघरात धुऊ नका, मोरी तुंबते. मागच्या दारी नळ आहे, तिथे धुवा. त्याने मान खाली घालून बरं म्हटलं आणि त्या दिवसापासून घमेली मागच्या नळावर जाऊ लागली.

त्या नळाला लागूनच तिची बाग होती. बाग म्हणायची म्हणून म्हणायची. घराच्या मागची जेमतेम तीन हात रुंदीची पट्टी ती. सकाळी दहापर्यंत तिथे कोवळं ऊन असायचं, मग शेजारच्या दुमजली इमारतीची सावली यायची ती संध्याकाळपर्यंत हलायची नाही. अशा जागेत गुलाब रुसले, झेंडू नुसता उंच वाढला. शेवटी सासूने हायड्रेंजिया आणली होती, त्यातलीही बुटकी जात. कमरेलाही न पोचणारी, गच्च, गोल अशी चार झुडपं. त्यांना तेवढंच ऊन आणि तेवढीच सावली मानवली. उन्हाळ्यात त्यांच्यावर मोठ्या पेरूएवढे फुलांचे गुच्छ यायचे, आधी हिरवट, मग निळे. माती आंबट राहिली तर हा निळा टिकतो, म्हणून ती महिन्यातून एकदा बादलीभर पाण्यात चमचाभर तुरटी विरघळवून घालायची. त्यापलीकडे त्या झाडांचं फार काही करावं लागत नसे.

थंडीचे चार महिने जावई रोज संध्याकाळी तिथे घमेली धुवत राहिला. राखाडी पाणी वाहत वाहत झुडपांच्या बुडाशी जिरत राहिलं. दमून आलेल्या माणसाचं लक्ष पाणी कुठे जातं याकडे नसतं.

ऊन तापायला लागलं तशा कळ्या धरल्या. पहिला गुच्छ मळकट जांभळा आला. नंतरचे सरळ गुलाबी. जावयाला ते छानच वाटले. बायको एकदा जेवताना म्हणाली, आई, यंदा दुसरी झाडं लावलीस का? झाडं तीच आहेत, एवढंच सासू म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

पुढे कधीतरी बायकोच्या सांगण्यावरून तो रोपवाटिकेत पालापाचोळ्याचं खत आणायला गेला. बोलता बोलता त्याने रोपवाल्याला गुलाबी फुलांचं सांगितलं. रोपवाल्याने विचारलं, की जवळपास चुना, सिमेंट असलं काही पडतं का? तसलं काही मातीत मुरलं की निळ्याचा गुलाबी होतोच, त्याला झाड काय करणार. खताची पिशवी काखेत धरून जावई तसाच उभा राहिला. मागच्या गिऱ्हाइकाने बाजूला व्हा म्हटलं, तेव्हा तो हलला.

त्या दिवसांत त्याच्या मनावर आधीच एक ओझं होतं. गुडघे पार कामातून गेले होते. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, आणि गुडघे न टेकता फरशी बसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कंत्राटदाराचा फोन आला की तो म्हणायचा, हातात दुसरं काम आहे. घरी म्हणायचा, सध्या कामं मंदावली आहेत. दोन्हीकडे थाप मारून तो दिवसभर रस्त्यांवरून नुसता फिरायचा, आणि चालूनही गुडघे दुखायचेच. त्यात आता ही फुलं.

निदान एक तरी गोष्ट निस्तरावी म्हणून त्याने तुरटी आणली. चमचाभराचं माप त्याला माहीत नव्हतं. सासू आत पडलेली असताना त्याने चार मुठी तुरटी बादलीत ढवळली आणि चारही झुडपांना घातली. आठवडाभराने परत तेवढीच. फुलं गुलाबी ती गुलाबीच राहिली. कडेच्या झुडपाच्या पानांच्या कडा मात्र तपकिरी झाल्या, मग पानं लोंबली. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरायची या झाडाची रीत. हे सावरलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पालथ्या घमेल्यावर बसून त्या झाडाच्या मुळाशी बोटाने माती उकरत होता. मागच्या दाराशी काठी वाजली. सासू आली, वाकून बघायला गेली, वाकणं जमेना तशी भिंतीला धरून हळूहळू पायरीवर टेकली. मातीची चिमूट घेऊन तिने बोटांत चोळली. त्याला वाटलं आता निघावं. त्याने गुडघ्यांवर जोर दिला, आणि घमेलं इतकं बुटकं होतं की तो उठूच शकला नाही. सासूने हात पुढे केला. त्याने धरून ओढ घेतली, तशी तीच पायरीवरून घसरून मातीत आली. लागलं कुणालाच नाही. पण आता दोघंही खाली होती आणि बायको यायला तासभर अवकाश होता.

"किती घातलीत तुरटी?" सासूने विचारलं.

"चार मुठी. दोनदा."

तिने सुकलेल्या झाडाचं एक पान खुडलं. मग त्याने सगळं सांगून टाकलं, घमेली, सिमेंटचं पाणी, रोपवाला. सांगताना त्याने मान वर केली नाही.

"ते मला पहिल्या कळीलाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण मागच्या नळावर धुवा म्हणून सांगणारी मीच. मग कुठल्या तोंडाने बोलणार? आणि बोलले असते तर तुम्ही घमेली डोक्यावर घेऊन चौकात धुवायला गेला असतात. या घरात पेलाभर पाणी घेतानाही तुम्ही इकडेतिकडे बघता."

सावलीतल्या मातीचा गारवा कपड्यांतून आत येत होता.

"आणि महिना झाला, घमेली कोरडीच आहेत, जावईबापू."

त्याने डोळे मिटले. बरेच दिवस दडवलेलं वाक्य शेवटी बाहेर आलं, तेही हळू. "गुडघे संपले, आई. आता होत नाही."

"माझेही संपलेत," ती म्हणाली. "गेल्या वर्षापासून मी या झाडांपाशी बसलेली नाही. दारात उभं राहून बादली ओतते आणि आत जाते. लेकीला सांगितलं तर ती तेही अंगावर घेईल. तिचे हात बघितलेत ना?"

त्याने बघितले होते. पाण्याने पांढरे पडलेले, सांध्यांवर चिरलेले. मग तासभर दोघं तिथेच बसली. सासूने हात पोचेल तेवढं तण उपटलं. तो ते एका बाजूला रचत राहिला.

बायको आली ती मागचं दार उघडं पाहून सरळ तिकडेच आली. नवरा आणि आई चिखलात बसलेली बघून ती हसली नाही की ओरडली नाही. पिशवी खाली ठेवून तिने आधी आईला काखेत हात घालून उचललं, मग त्याला, धुलाईघरातले गठ्ठे उचलते तसं. स्वयंपाकघरात त्याने तिला गुडघ्यांचं सांगितलं. आईनेही आपलं सांगून टाकलं. बायको खुर्चीत बसून ऐकत होती.

"काहीतरी आहे हे मला दिसत होतं," ती म्हणाली. "पण विचारायचं तर अंगात थोडं बळ लागतं, आणि मी ते तिकडेच संपवून येते."

तिने उठून भात टाकला.

कडेचं झुडूप गेलंच. उरलेली तीन थंडीत झोपी गेली, तेव्हा बायकोने सुट्टीच्या दिवशी ती खणून काढली आणि नव्या मातीच्या मोठ्या कुंड्यांत बसवली. जावयाने उभ्या उभ्या लाकडाचं मांडण ठोकलं होतं, बरोबर सासूच्या कमरेएवढं. त्याआधी आठ दिवस त्याने काठी रोवून सावली मोजली. वर उचलल्यावर झाडांना अर्धा तास जास्त ऊन लागणार होतं, म्हणून मांडण हातभर आत सरकवलं आणि पाणसळ लावून बघितलं. कुंडी ठेवायला एवढी पाणसळ कशाला, असं सासू म्हणाली. सवय, असं तो म्हणाला.

त्याला फरशीच्या दुकानात काम मिळालं. उंच स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना कुठल्या खोलीला किती फरशी लागेल ते सांगायचं. त्याला ते फारसं आवडत नसे. ती फरशी पुढे कोण कशी बसवणार, हा विचार करून तो उगाच वैतागायचा. पण जात होता.

पुढच्या उन्हाळ्यात फुलं कमी आली. एका झुडपाने तर हलवल्याच्या रागाने एकही गुच्छ दिला नाही. उरलेल्या दोघांचा रंग धड निळा नाही की धड गुलाबी नाही. सासू मांडणाशी उभी राहून वाळकी पानं खुडत होती, तो झारीने पाणी घालत होता. यात निळ्याचा अंश जास्त आहे असं तिचं म्हणणं. त्याला गुलाबीच जास्त दिसत होता, आणि या वेळी त्याने तसं सांगितलंही. ती म्हणाली, तुम्हाला फरशीतलं कळतं, रंगातलं नाही.

बायको मघाशीच कामावरून येऊन पायरीवर बसली होती. निवाडा तूच कर म्हणून त्याने वळून पाहिलं, तर भिंतीला डोकं टेकून ती झोपली होती. चपलाही काढल्या नव्हत्या.

"हळू बोला," सासू म्हणाली. त्याने झारी खाली ठेवली आणि बायकोच्या खांद्यावरची पिशवी अलगद काढून घेतली.